बडोद्यातला पाडवा: बायको, आई आणि साल मुबारक

प्रश्न बराच मोठा होता, म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. विचारणारे गृहस्थ बडोद्याचे, तीन पिढ्या इथेच. लग्नाला दोन वर्षं झाली. पत्नी कोल्हापूरची, नोकरी करते. घरात आई आणि धाकटा भाऊ, बहीण लग्न होऊन आणंदला. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. मागच्या दिवाळी पाडव्याला सकाळपासून साल मुबारक, म्हणजे गुजराती नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला माणसांची रीघ लागली, नवरा-बायकोची ओवाळणी रात्री साडेदहाला कशीबशी उरकली, आणि नेमक्या त्याच वेळी आई उठून आपल्या खोलीत निघून गेल्या. गृहस्थांनी चांगली महागाची अंगठी आणली होती. ती बोटात घालूनही पत्नी रात्री रडली. यंदा तिने सांगून टाकलंय, ‘दिवाळीला मी माहेरी जाते, यायचं तर ये.’ तर आता त्यांचे तीन प्रश्न: एवढं करूनही ती नाराज का? आईला न दुखवता बायकोबरोबर सण साजरा कसा करायचा? की सरळ दोघांनी दिवाळीत कुठेतरी फिरायला निघून जावं?

मी बडोद्यात बरीच वर्षं कुटुंब समुपदेशन करते. दिवाळीनंतर लाभपंचमीला इथला बाजार उघडतो आणि त्याच आठवड्यात आमच्याकडचीही गर्दी वाढते. दिवाळीत दबून राहिलेलं सगळं तेव्हा बाहेर येतं. त्यामुळे तुमचं पत्र वाचून नवल वाटलं नाही. असा पाडवा मी पुष्कळ घरांत ऐकलाय, आणि तो जास्त करून बडोद्याच्याच घरांत ऐकलाय. त्यामागे एक साधं कारण आहे, ते आधी सांगते.

आपल्या दिवाळीत प्रत्येक नात्याला एकेक दिवस दिलेला आहे. नरक चतुर्दशीची पहाट आईची. ती उठवते, तेल लावते, उटणं लावते, ओवाळते. लक्ष्मीपूजन सगळ्या घराचं. पाडवा नवरा-बायकोचा. भाऊबीज बहीण-भावाची. ही वाटणी कुणी बसून केलेली नाही, पण ती इतकी सोयीची आहे की पुण्या-कोल्हापुरात त्यावर कुणाला बोलावंच लागत नाही. तिथे पाडव्याच्या सकाळी तुमच्या दारात कोण येतं? फार तर पेपरवाला. नवऱ्याला बायको तेल लावते, ओवाळते, नवरा ओवाळणी घालतो, घरातले दोन-चार टोमणे मारतात, हसतात, झालं.

बडोद्यात मात्र तीच कार्तिक शुद्ध प्रतिपदा म्हणजे बेसतुं वर्ष. विक्रम संवत बदलतं आणि सगळं गाव त्या दिवशी एकमेकांच्या घरी जातं. गायकवाडांच्या काळापासून इथे राहिलेल्या मराठी घरांनी ही रीत आपलीशी केली, आणि त्यात वावगं काही नाही. शेजारी देसाई आणि पटेल असताना त्या सकाळी दार लावून बसणं शोभलंही नसतं. पण परिणाम काय झाला, ते पाहा. चतुर्दशी शाबूत राहिली, लक्ष्मीपूजन शाबूत राहिलं, भाऊबीज शाबूत राहिली. एकट्या नवरा-बायकोच्या दिवसावर अख्ख्या शहराचं नवीन वर्ष येऊन बसलं. तुमच्या घरात कुणी खलनायक नाही. एकाच तारखेवर दोन सण आहेत, आणि त्यातला जो जास्त गाजावाजा करत येतो तो जिंकतो.

तुमच्या हे लक्षात आलं नाही, कारण तुम्ही लहानपणापासून हेच पाहिलंय. तुमच्या आईंनीही बाबांना रात्री उशिरा किंवा पाहुण्यांच्या मधल्या फटीत ओवाळलं असेल. पण तुमच्या पत्नीने वीस-पंचवीस पाडवे वेगळे पाहिलेत. शिवाय तिच्या बाजूने हिशोब मांडा. चतुर्दशीच्या पहाटे तिची आई तिच्याजवळ नसते. भाऊबीजेला आणंदहून तुमची बहीण येते, म्हणजे तिला घरात थांबावं लागतं. तिचा भाऊ कोल्हापुरात, आणि कोल्हापूर काही इथून हाकेच्या अंतरावर नाही. दिवाळसण पहिल्या वर्षी झाला, तो आता पुन्हा येणार नाही. पाच दिवसांच्या सणात तिच्या वाट्याला खास असा एकच दिवस उरतो. तोही रात्री साडेदहाला, पाय दुखत असताना.

आता तो दिवस तिच्या जागेवर उभं राहून बघा. अंधार असतानाच गल्लीत ‘सबरस, सबरस’ अशी मिठाची हाळी येते. आई तिला उठवतात, शकुनाचं मीठ घ्यायचं असतं. मग रांगोळी, देवपूजा. सात वाजता पहिली मंडळी. टेबलावर सहा-सात वाट्या: चकली, करंजी, शेव, मठिया, चोळाफळी, घूघरा, सुका मेवा. आलेला माणूस ‘नको नको’ म्हणत एक मठिया मोडतो, अर्धा ठेवतो. ती मंडळी निघेपर्यंत पुढची दारात चपलांजवळ उभी असतात. पुन्हा वाट्या भरा, मोडलेले तुकडे काढा, चहाचे कप विसळा, पुन्हा चहा. मोठ्यांच्या पाया पडा, लहानांच्या हातात नोटा द्या, मुखवास पुढे करा. अंगावर नवी साडी, तिच्या निऱ्या खोचलेल्या, पदर कमरेला. तुम्ही बाहेरच्या खोलीत बसलेले, ‘साल मुबारक’ म्हणत, गप्पा मारत. तुम्ही आळशी आहात असं मी म्हणत नाही. त्या खोलीत पुरुषाने बसायचं आणि आत बाईने उभं राहायचं अशी व्यवस्था आधीपासून लागलेली असते, तुम्ही त्यात जाऊन बसलात इतकंच. पण त्या दिवशी तुमची बायको किती वेळ खाली टेकली, हे तुम्हाला आठवतं का? बहुतेक नवऱ्यांना मी हे विचारते तेव्हा ते थोडा विचार करतात आणि गप्प होतात.

इथे अंगठीचा उलगडा होतो. बारा-चौदा तास राबवून घेतल्यावर रात्री हातात महागाची वस्तू पडली की ती मजुरी वाटते. वस्तू वाईट नव्हती, तिची वेळ वाईट होती. ओवाळणीच्या आठवणी सांगताना बायका मला किंमत क्वचित सांगतात. ‘सगळ्यांसमोर दिलं’, ‘माझ्या आवडीचा रंग लक्षात ठेवला’, ‘त्या दिवशी सकाळपासून मोबाइल बाजूला ठेवला होता’, असं काहीतरी सांगतात. नाहीतर उलट: ‘साडी सासूबाईंनीच निवडली होती, जावेची आणि माझी एकाच गठ्ठ्यातली’. तेव्हा यंदा भेटवस्तूवर डोकं कमी चालवा. आधी तिची सकाळ मोकळी करा. ते जमलं तर शंभराची नोट घातलीत तरी चालेल. ते जमलं नाही तर सराफाचं अख्खं दुकान आणा, काही उपयोग नाही.

आता आईंकडे येते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीय. ‘ओवाळायच्या वेळी आई उठून गेली, तिला हे आवडत नसावं.’ आणि त्याच्या खूप वर, दुसऱ्याच संदर्भात, ‘बाबांना जाऊन तीन वर्षं झाली.’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा.

पाडवा हा ज्या बाईचा नवरा गेला तिला सर्वांत कठीण जाणारा दिवस. गणपती येतात, दसरा येतो, त्यात माणसांच्या गर्दीत दिवस निघून जातो. पाडव्याला मात्र निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी असं ते ताट समोर येतं, आणि यंदा ते आपण कुणासाठी लावायचं नाही हे कळतं. तुमच्या आई कदाचित दिवसभर पाहुण्यांत मुद्दामच गुंतून राहत असतील. तुम्हाला वाटतं त्या उशीर करतात. मला वाटतं त्या तो क्षण टाळतात. मी त्यांना भेटलेले नाही, त्यामुळे खात्रीने सांगणार नाही. काही घरांत सासूला सुनेचं कौतुक खरोखरच खुपतं, तेही मी पाहिलंय. पण तुम्ही वर्णन केलेली बाई भांडली नाही, बोलली नाही, टोमणा मारला नाही. उठून खोलीत गेली. खुपणारी सासू सहसा तिथेच बसून राहते.

कळून घ्यायचं असेल तर ‘आई, तुला राग आला होता का?’ असं विचारू नका. त्याला ‘मला कशाला राग येईल’ हेच उत्तर मिळतं आणि विषय बंद होतो. बाबांबद्दल विचारा. ‘बाबा पाडव्याला तुला काय द्यायचे? पहिल्या पाडव्याला काय दिलं होतं?’ चहा पिताना, हातात काहीतरी निवडायचं काम असताना विचारा. त्या बोलतील. रडतीलही. त्याला घाबरू नका. तुमच्या घरात तीन वर्षं पाडव्याच्या दिवशी बाबांचं नावच कुणी काढलं नसावं, असा माझा अंदाज आहे.

आणि मग ताटाजवळ त्यांना बोलवा. जुन्या वळणाच्या घरांत विधवा बाई ओवाळणीच्या जागी थांबत नाही, कुंकवाला हात लावत नाही. तुमच्या आई कुणी न सांगताच ते पाळत असतील. तुमच्या पत्नीच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं असल्या प्रथा बंद केल्या, आणि महाराष्ट्र सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. पत्नीला हे माहीत असेल. तिनेच सासूबाईंना म्हणू दे, ‘आई, ताट तुम्ही लावून द्या, आधी कुंकू तुम्ही लावा, मग मी ओवाळते.’ हे वाक्य मुलाच्या तोंडून आलं तर सुधारणा वाटते. सुनेच्या तोंडून आलं तर माया वाटते. अर्थात आईंना ते नको असेल तर आग्रह एकदाच करा. कुणाच्या दुःखाला आपल्या सोयीच्या वेळी बाहेर ओढायचा हक्क कुणाला नाही.

चतुर्दशीची पहाट मात्र आईंना भरभरून द्या. आधीच म्हटलं, तो दिवस त्यांचा आहे. इथे काळी चौदस म्हणून शेजारी तो दिवस वेगळ्या तऱ्हेने पाळतात, दारात सहसा कुणी येत नाही, म्हणजे पहाट निवांत असते. तुम्ही आणि भाऊ, दोघं पाटावर बसा, आईंच्या हातून तेल लावून घ्या, घाई करू नका. आंघोळीनंतर त्या ओवाळतील तेव्हा ताटात काहीतरी घाला, साधं पाकीट का असेना. हे मी का सांगतेय? ज्या आईचा चतुर्दशीचा मान राहिला, तिला पाडव्याचा वाटा सुनेला देताना हात आखडावा लागत नाही. समुपदेशनात येणाऱ्या घरांत मी उलटं जास्त पाहते. मुलगा चतुर्दशीला आठ वाजता उठतो, आईने पाणी तीनदा तापवलेलं असतं, हा शॉवर घेऊन बाहेर येतो. आणि पाडव्याला बायकोसाठी पहाटे पाचचा गजर लावतो. आईला हे दिसत नाही असं वाटतं का?

आता प्रत्यक्ष वेळ कुठली? हे तुमच्या घरावर, पंचांगावर आणि पत्नीच्या माहेरच्या रीतीवर अवलंबून आहे. काही घरांत अभ्यंगानंतर सकाळी ओवाळतात, काही घरांत संध्याकाळी दिवे लागल्यावर. आधी तिलाच विचारा, ‘तुमच्याकडे कधी ओवाळायचे? कोण कुठे बसायचं?’ मागच्या दोन वर्षांत हे विचारलं नसेल तर यंदा विचारा. बडोद्यात माझा कौल सकाळचा. संध्याकाळपर्यंत माणसांचा भरवसा नाही, कुणीतरी सुरतेहून जाता जाता टपकतंच. पहाटे साडेपाच ते सात ही वेळ मात्र तुमची होऊ शकते. सबरस घेतलं, अभ्यंग झालं, आई ताट लावतील, तुम्ही दोघं नव्या कपड्यांत, ओवाळणी. मग अर्धा तास दोघांनी आपल्या खोलीत किंवा गच्चीत चहा घ्यायचा. मोबाइल नाही, कारण त्या दिवशी शुभेच्छांच्या मेसेजचा पाऊस पडतो आणि एकाला उत्तर दिलं की दहा येतात. साडेसातनंतर दार उघडं, मग या सगळे.

तुमचा धाकटा भाऊ घरात आहे, त्याला या पत्रात तुम्ही एकदाही कामाला लावलेलं नाही. सकाळी नऊपर्यंत दार, वाट्या आणि चहा त्याच्याकडे. नऊ ते अकरा तुमच्याकडे. म्हणजे तुम्ही खरोखर आत जायचं आणि पत्नीने बाहेर बसायचं. पहिल्या वर्षी एखादे काका ‘अरे वा, आज चिरंजीव चहा करतायत’ म्हणतील. म्हणू देत. पुढच्या वर्षी म्हणत नाहीत. कागदी डिशा, दोन मोठे थर्मास आणि आदल्या रात्री भरून झाकलेल्या वाट्या एवढ्यानेही बराच फरक पडतो. आईंना कागदी डिशा पटल्या नाहीत तर त्यावर मात्र वाद घालू नका. जुने स्टीलचे डबे आणि ताटल्या काढा, आणि विसळायला तुम्ही उभे राहा.

हे सगळं ठरवायचं कधी, हे ठरवण्याइतकंच महत्त्वाचं आहे. धनत्रयोदशीच्या रात्री, आई करंज्या तळत असताना, ‘यंदा पाडव्याला असं करूया’ म्हटलंत की ती तक्रार ठरते. कोजागरीच्या आसपास बोला. त्या रात्री मसाला दूध असतं, शेजारून दूध-पौंआ आलेले असतात, शरद पौर्णिमेचा गरबा आटोपून सगळे जरा सैल असतात, आणि दिवाळीला अजून पंधरा दिवस असतात. बोलायचं तुम्ही, पत्नीने नाही. सुनेने मागितलं की ते हक्क मागणं होतं, मुलाने सांगितलं की घरातली ठरवाठरवी होते. अन्याय्य आहे, पण घरं अशी चालतात, आणि तुम्हाला यंदाची दिवाळी पार पाडायचीय. शब्द साधे ठेवा: ‘आई, पाडव्याची ओवाळणी यंदा सकाळी साडेसहाला करूया. तू ताट लाव. पाहुण्यांचं अकरापर्यंत आम्ही भाऊ बघतो.’ त्यात ‘ती रडली’, ‘तिला वाईट वाटतं’ हे आणू नका. मागच्या वर्षीचा खटला पुन्हा उभा राहतो.

आणि लपूनछपून काही करू नका. हे मला फार निक्षून सांगावंसं वाटतं. एकत्र कुटुंबातली तरुण जोडपी ‘ऑफिसचं काम आहे’ सांगून सिनेमाला जातात, लग्नाच्या वाढदिवसाला ‘मित्राकडे पूजा आहे’ म्हणून हॉटेलात जेवतात. बडोदं मोठं झालं असलं तरी मराठी बडोदं अजून दांडिया बाजार ते रावपुरा एवढंच आहे. इंटरव्हलमध्ये पॉपकॉर्नच्या रांगेत मावशी भेटतेच. आईला दुःख होतं ते तुम्ही गेल्याचं नाही, खोटं सांगून गेल्याचं. ‘आम्ही दोघं आज बाहेर जेवायला जातोय, तुझ्यासाठी काय आणू?’ हे तोंड वर करून म्हणायला पहिल्यांदा जड जातं. तिसऱ्यांदा आई स्वतःच विचारतात, ‘आज कुठे?’ व्हॅलेंटाइन असो, लग्नाचा वाढदिवस असो, नियम हाच. माणसं नकाराला नव्हे, वगळलं जाण्याला घाबरतात. आधी कळलं की वगळल्यासारखं वाटत नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: चतुर्दशी आईंची, पाडव्याची पहाट पत्नीची, पाडव्याचा दिवस गावाचा, आणि गावाच्या वाट्याचं काम तुम्हा भावांचं.

बडोद्याच्या पंचांगात तुमच्या कामाची आणखी एक गोष्ट आहे. दिवाळी आणि बेसतुं वर्ष यांच्यामध्ये कधी कधी एक मोकळा दिवस पडतो. गुजरातीत त्याला पडतर दिवस किंवा धोको म्हणतात. २०२२ ला २५ ऑक्टोबर, सूर्यग्रहणाचा. २०२३ ला १३ नोव्हेंबर. २०२४ ला १ नोव्हेंबर. २०२५ ला २१ ऑक्टोबर. म्हणजे चार वर्षं ओळीने आला. यात एक मेख आहे. २०२४ आणि २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या कॅलेंडरांनी लक्ष्मीपूजन नेमकं त्याच दिवशी दाखवलं, त्यामुळे मराठी पंचांग पाळणाऱ्या घरांना तो मोकळा मिळाला नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये मात्र दोन्हीकडे मोकळा होता. यंदा दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवून बघा. तसा दिवस असेल तर तो आधीच आपल्या नावावर करून टाका. घरात पूजा नाही, दारात पाहुणे नाहीत, फराळ तयार. सकाळी निघून चांपानेरला जाऊन या, पन्नासेक किलोमीटर, जुन्या मशिदींतून चाला, दुपारी परत. किंवा कमाटीबागेत नुसते बसा. माझ्याकडे येणाऱ्या एका जोडप्याने तो दिवस घरातच झोपून काढला आणि दोघांनी मिळून सांगितलं की ती त्यांची आतापर्यंतची सर्वांत चांगली दिवाळी होती. मला ते पूर्ण पटलं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, दिवाळीत बाहेर निघून जावं का. यंदा पाडव्यालाच निघून जाऊ नका. वडील गेल्यानंतर आईंचा तो दिवस कसा जात असेल ते वर लिहिलंय. दोन मुलांपैकी एक घरात नसेल तर गावभरचे लोक ‘मोठा कुठे गेला?’ विचारत राहणार आणि त्या उत्तरं देत बसणार. भाऊबीजेनंतर जा. नवीन वर्ष ते लाभपंचमी बाजार बंदच असतो, निम्मं गुजरात त्याच दिवसांत फिरायला निघतं, म्हणून तिकिटं आधी काढा; नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा कोजागरीपर्यंत थांबलात तर वेटिंगशिवाय काही हाती लागणार नाही.

आणि कोल्हापूर? तिची मागणी तुम्ही धमकी म्हणून वाचलीत. मी ती माहेरची ओढ म्हणून वाचली. एका वर्षी तिचा भाऊ भाऊबीजेला इथे, एका वर्षी तुम्ही दोघं तिथे, अशी पाळी लावता येईल का ते बघा. तुमच्या बहिणीशी आधी बोला. आणंद जवळ आहे, ती पाडव्याच्या संध्याकाळी येऊन ओवाळायला तयार होईल, किंवा पुढच्या रविवारी. बहिणीही कुणाच्या सुना असतात, त्यांना हे पटकन कळतं. यंदा लगेच काहीच जमणार नसेल तर निदान तारीख सांगा. ‘पुढच्या वर्षी बघू’ याला बायकांच्या लेखी काही किंमत नसते, आणि त्यात त्यांची चूक नाही.

इतर सणांचं थोडक्यात. उत्तरायणात, म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीत, हीच गोष्ट गच्चीवर घडते. पुरुष सकाळपासून वर, ‘काप्यो छे’ची आरोळी, आणि बायका उंधियू-जिलेबी घेऊन जिन्याने खाली-वर. पहिल्या संक्रांतीला तिला हलव्याचे दागिने घातले असतील, काळी साडी नेसवली असेल, फोटो झाले असतील. त्यानंतर तिला पतंग कुणी विचारला का? दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, वासी उत्तरायण असतं, तेव्हा गर्दी कमी. त्या दिवशी दोरा तिच्या हातात द्या आणि फिरकी तुम्ही धरा. वटपौर्णिमा, मंगळागौर, हरतालिका यांत ती उपास करते किंवा जागते. करत असेल तर तुम्ही त्या दिवशी लवकर घरी या, करत नसेल तर तिला कुणी का म्हणून विचारू नये एवढं बघा. शेजारणींचं पाहून तिला करवा चौथ करावीशी वाटली तर तीही तिची मर्जी. त्या दिवशी संकष्टीच असते, तिचा उपास असेल तर चंद्रोदयापर्यंत ती उपाशीच आहे, फक्त चंद्राकडे दोघांनी बघायचं.

दोन गोष्टी वेगळ्या काढून सांगते. तुम्ही लिहिलेलं सोडून आणखी काही असेल, पैशांवरून, मूल होण्यावरून, तिच्या नोकरीवरून धुसफूस चालली असेल, तर पाडव्याची पहाट त्याला पुरणार नाही. मग सण उरकल्यावर दोघांनी एकत्र कुणाकडे तरी बोलायला जा. आणि हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात सणाच्या भांडणात हात उगारला जात असेल, तर वरचा एकही सल्ला तुमच्यासाठी नाही. गुजरातमध्ये १८१ अभयम हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते, दिवाळीतही.

आई ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ म्हणाल्या तर वाद घालू नका. ‘हो, तुला रात्री दहापर्यंत थांबावं लागायचं ना?’ एवढंच म्हणा आणि त्यांना बोलू द्या. त्यांच्याकडेही त्याबद्दल सांगण्यासारखं बरंच निघेल. आणि भावाला आदल्या दिवशीच सगळं दाखवून ठेवा, नाहीतर पाडव्याला सकाळी पावणेसातला तुमच्या खोलीचं दार वाजवून तो विचारणार, ‘वहिनी, मुखवासाचा डबा कुठंय?’